धागा महाग की पू महाग?

ऑपरेशननंतर जखम चिघळणे आणि ते टाळण्यासाठी मिळणारे जंतुरोधक धागे, या एकाच विषयावर या महिन्यात बरीच पत्रे आली. काही नर्सिंग होम चालवणाऱ्यांची, काही ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटी) सिस्टरची, तर काही बिल हातात पडल्यावर गोंधळलेल्या नातेवाइकांची. नावे वगळून आणि सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. हे धागे म्हणजे नेहमीचेच विरघळणारे धागे. त्यांवर ट्रायक्लोसॅन या जंतुनाशकाचा मुलामा असतो, एवढाच फरक. यातला पहिला, व्हिक्रिल प्लस, अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झाला. मोनोक्रिल प्लस आणि पीडीएस प्लस त्यानंतरचे.

प्रश्न : कोथरूडला आमचे वीस खाटांचे नर्सिंग होम आहे. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, सिझेरियन मिळून वर्षाला दोनशेच्या आसपास ऑपरेशने होतात. सप्लायर म्हणतो, ‘जंतुरोधक धागा घ्या, इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय की पैसे वाचतात.’ फॉइलमागे, म्हणजे धाग्याच्या एका पाकिटामागे, दीडशे रुपये जास्त पडतात. घ्यावा का?

उत्तर : सप्लायर खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. उपचारांचा फायदा-खर्च तपासणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये प्लस धाग्यांच्या बाजूने कौल दिला आणि दर रुग्णामागे सरासरी १३.६२ पौंड वाचतात असा हिशेब मांडला. त्याआधी, २०१७ मध्ये, ३४ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका ब्रिटिश विश्लेषणात हीच बचत दर ऑपरेशनमागे ९१.२५ पौंड निघाली होती. धागा तोच, देश तोच आणि उत्तरात जवळजवळ सातपट फरक! बचतीचा आकडा धाग्यात नसतो, तो हिशेबात काय काय धरले यावर ठरतो. तिकडे खाट अडून राहणे फार महाग आहे. आपल्याकडे खाटेचे भाडे त्या मानाने कमी आणि धाग्याची किंमत मात्र त्या मानाने जास्त. तेव्हा तिकडचे पौंड गुणून रुपये करू नका. हिशेब इथेच मांडा.

त्यासाठी चार आकडे लागतात : एका ऑपरेशनमागे धाग्याचा जादा खर्च, एक जखम चिघळली तर येणारा खर्च, सध्या तुमच्याकडे शंभरात किती जखमा चिघळतात, आणि धाग्याने त्यांतल्या किती टळतील.

समजा, एका ऑपरेशनला दोन फॉइल लागतात. जादा खर्च ३०० रुपये. एक जखम चिघळली की रोजचे ड्रेसिंग, पुवाचे कल्चर (कोणते जंतू आहेत याची तपासणी), अँटिबायोटिक, दोन-तीन दिवसांची खाट, कधी पुन्हा टाके, असे सगळे मिळून २५,००० रुपये धरू. दोन्ही आकडे उदाहरणादाखल आहेत, त्या जागी तुमचे घाला. धाग्याने संसर्ग पाव हिश्श्याने कमी होतो असेही जरा उदारपणे मान्य करू. आता ३०० ला २५,००० च्या पावाने, म्हणजे ६,२५० ने भागा. उत्तर ०.०४८. म्हणजे तुमच्याकडे संसर्गाचे प्रमाण ४.८ टक्क्यांच्या वर असेल तरच धागा स्वतःचे पैसे भरून काढतो.

हर्नियासारख्या स्वच्छ ऑपरेशनांत तुमचे प्रमाण २ टक्के असेल, तर एक संसर्ग टाळायला २०० रुग्णांना हा धागा घालावा लागेल. खर्च ६०,०००, वाचले २५,०००. आतडे उघडावे लागते अशा ऑपरेशनांत प्रमाण १२ टक्के असेल, तर सुमारे ३३ रुग्णांमागे एक संसर्ग टळेल. खर्च १०,०००, वाचले २५,०००. एकच फॉइल, एकच दर, आणि एका टेबलावर तोटा, दुसऱ्यावर फायदा.

पण तो ‘पाव हिश्श्याने’चा उदारपणा काढून घ्या. धाग्याने संसर्ग फक्त दहा टक्क्यांनी कमी होतो असे धरले, तर त्याच १२ टक्क्यांच्या ऑपरेशनांत ८३ रुग्णांमागे एक संसर्ग टळतो आणि खर्च बरोबर २५,००० होतो. म्हणजे ना नफा, ना तोटा. हा चौथा आकडाच सगळ्यात डळमळीत आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

जाळी घातलेल्या हर्नियाचा हिशेब वेगळा करा. जाळीला पू धरला तर ती काढण्यापर्यंत वेळ येते. अशा संसर्गाचा खर्च दीड लाख धरला, तर वरचा ४.८ टक्क्यांचा उंबरठा ०.८ टक्क्यावर येतो. मात्र जाळी शिवायला सहसा पॉलिप्रॉपिलीनचा न विरघळणारा धागा वापरतात आणि त्यावर हा मुलामा नसतो. प्लस धागा फक्त वरच्या थरांना येतो. जाळीभोवतीच्या संसर्गाला त्याने किती आडकाठी होईल, हे विचारल्याशिवाय सप्लायरचा हिशेब मान्य करू नका.

आमचे मत : सरसकट बदलू नका. आतडे उघडले जाणारी ऑपरेशने, लठ्ठ किंवा मधुमेही रुग्णाचे पोट, पुन्हा उघडलेली जखम, एवढ्यांसाठी मोजकी फॉइल ठेवा. घेताना सदाशिव पेठेतल्या घाऊक औषधबाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. भारतीय कंपन्यांचेही ट्रायक्लोसॅनचे धागे मिळतात. फॉइलवरची छापील किंमत आणि तुम्हाला पडणारा दर यांत बरेच अंतर असते, म्हणून हिशेबात खरेदीचाच दर धरा.

आणखी एक गोष्ट, थोडी बोचरी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठरलेल्या पॅकेजमध्ये जखम चिघळली की भुर्दंड रुग्णालयाला, त्यामुळे धाग्याचा फायदाही रुग्णालयालाच. रोखीने पैसे भरणाऱ्या रुग्णाची जखम चिघळली तर ड्रेसिंगचे बिलही तोच भरतो आणि महाग धाग्याचेही तोच. मग ‘पैसे वाचतात’ म्हणजे कोणाचे, हे आधी कागदावर लिहा.

प्रश्न : मी सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते हे धागे वापरा, मोठ्या चाचण्या म्हणतात फरक पडत नाही. परीक्षेत एक लिहायचे आणि ओटीत दुसरे करायचे का?

उत्तर : कल्पना पक्की आहे, हे आधी मान्य करू. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी दाखवून दिले की नुसत्या त्वचेत पू व्हायला स्टॅफिलोकॉकसचे लाखो जंतू टोचावे लागतात, पण तिथे रेशमाचा टाका असला तर शे-दोनशेही पुरतात. जंतू धाग्याला चिकटतात आणि तिथे शरीराच्या पेशींचे फारसे चालत नाही. तेव्हा धागाच जंतूंना नकोसा करावा, यात गैर काही नाही.

पुरावा मात्र सरळ नाही. जपानमधल्या, मोठ्या आतड्याच्या ४१० रुग्णांवरच्या चाचणीत (२०१३) संसर्ग ९.३ टक्क्यांवरून ४.३ वर आला. जर्मनीतल्या ‘प्राउड’ चाचणीत (२०१४) पोटाच्या मध्यरेषेवरच्या छेदाचे १२०० हून अधिक रुग्ण होते. तिथे मुलाम्याच्या धाग्याने १४.८ टक्के, साध्याने १६.१, हा फरक योगायोगाचाही असू शकतो. या चाचणीला पैसा धागा बनवणाऱ्या कंपनीच्याच समूहाचा होता, तरी निकाल असा लागला, म्हणून आम्ही तिला जास्त वजन देतो. लहान-मोठ्या चाचण्या एकत्र केल्या की पारडे धाग्याच्या बाजूने झुकते. त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सशर्त शिफारस केली आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये ‘विचार करावा’ इतपतच म्हटले. ‘सशर्त’ हा शब्द घाईत वाचताना हमखास सुटतो. भूल देताना अँटिबायोटिक किंवा वस्तऱ्याने केस न काढणे, यांच्यासारखी ती ठाम शिफारस नाही.

मग २०२१ मध्ये ‘फाल्कन’ आली. भारतासह सात देश, ५,७८८ रुग्ण, पोटाची ऑपरेशने. छेदाआधी त्वचा पुसायला अल्कोहोलमधले क्लोरहेक्सिडीन की पाण्यातले पोव्हिडोन आयोडीन, आणि मुलाम्याचा धागा की साधा, अशी दुहेरी तुलना. चारही गटांत लक्षणीय फरक नाही. एकूण संसर्ग २२ टक्के, दर पाचात एकाहून जास्त. या महाग वस्तू सरसकट वापरण्याच्या शिफारशीला आधार मिळत नाही, असे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. आपल्यासारख्या रुग्णालयांतून आलेला हा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

फरक का पडला नसेल? आमचा अंदाज असा की फुटलेल्या अपेंडिक्सच्या पोटात जंतूंचा लोंढाच इतका असतो की धाग्यालगतच्या दोन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यात काय घडले याला महत्त्व उरत नाही. शिवाय वरवरचा संसर्ग त्वचेखालच्या चरबीत सुरू होतो आणि त्वचा बहुतेक वेळा साध्या नायलॉनने किंवा स्टेपलरने बंद होते. खालचा थर महाग धाग्याने शिवायचा आणि वरचा साध्याने, ही तर आपल्याकडची नेहमीची पद्धत.

परीक्षेत ‘सशर्त शिफारस, नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही’ असे लिहा. दोन्ही खरे आहे. ओटीत जाण्याआधी मात्र गेल्या वर्षभरातले पुवाचे कल्चर रिपोर्ट काढून पाहा. ट्रायक्लोसॅन स्टॅफिलोकॉकसवर चांगले चालते, स्यूडोमोनासवर चालत नाही. तो जंतू स्वभावतःच त्याला दाद देत नाही. तुमच्या वॉर्डात पू हिरवट येत असेल आणि रिपोर्टमध्ये स्यूडोमोनासच पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर हा खर्च वाया. धाग्याधाग्यांतही फरक आहे : व्हिक्रिल प्लसमध्ये मीटरमागे जास्तीत जास्त ४७२ मायक्रोग्रॅम ट्रायक्लोसॅन, तर मोनोक्रिल प्लस आणि पीडीएस प्लसमध्ये २,३६० मायक्रोग्रॅमपर्यंत. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे आतड्यातले जंतू रोखण्याचा कंपनीचा दावा या दुसऱ्या दोघांसाठी आहे. आतड्याच्या ऑपरेशनला व्हिक्रिल प्लस घेऊन ‘जंतुरोधक घातला’ असे समाधान मानण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्न : मी ओटी सिस्टर आहे. हा धागा हाताळताना वेगळी काळजी घ्यावी लागते का? तो वापरला तर अँटिबायोटिक कमी करता येईल, असे एक डॉक्टर म्हणाले. खरे का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. नाही. धागा अँटिबायोटिकची जागा घेत नाही. सेफॅझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलोच्या वर असेल तर ३ ग्रॅम, छेद घेण्याआधीच्या तासाभरात शिरेतून. ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेले तर दुसरा डोस. सिझेरियनलाही छेदाआधीच, नाळ कापेपर्यंत थांबायचे नाही. सगळ्यात जास्त चुकते ते इथे : सकाळी सहाच्या राउंडला वॉर्डात इंजेक्शन दिले जाते, लिस्ट लांबते आणि रुग्ण टेबलावर येतो अकराला. तोवर रक्तातला डोस निम्म्याहून खाली गेलेला असतो. म्हणून हे इंजेक्शन ओटीतच, भूल देतानाच, आणि वेळ लिहून द्यायचे. उलट चूकही तितकीच रुळलेली आहे : ऑपरेशननंतर पाच-सात दिवस अँटिबायोटिक चालू ठेवणे. जागतिक आरोग्य संघटनेची ठाम शिफारस आहे की प्रतिबंधासाठी दिलेले अँटिबायोटिक ऑपरेशननंतर चालवू नये. त्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांचे बिल एकदा बघा. महाग धाग्याचे पैसे तिथेच पडलेले सापडतील.

आता हाताळणी. फॉइल २५ अंशांच्या खाली, ओलाव्यापासून दूर ठेवायचे. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राच्या) शेजारचे कपाट सोयीचे पडते, पण एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या कपाटात काय होत असेल! विरघळणारा धागा उष्णतेने आणि दमट हवेने आधीच कमजोर होऊ लागतो. बाहेरचे पाकीट सोलून आतले ट्रॉलीवर सोडा. उघडलेला धागा परत ऑटोक्लेव्ह करायचा नाही. उरलेला तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून उद्यासाठी ठेवायचा, ही जुनी काटकसर तर इथे दुप्पट नडते : निर्जंतुकतेची खात्री नाहीच, शिवाय ट्रायक्लोसॅन पाण्यात जेमतेम विरघळते पण अल्कोहोलमध्ये सहज. ज्यासाठी पैसे मोजले ते बाटलीत उतरून जाते.

सुई धरताना धागा जोडलेल्या टोकापासून एक तृतीयांश ते अर्ध्या लांबीवर धरा. जोडावरच धरली की सुई वाकते किंवा धागा निसटतो. धाग्याच्या मध्यावर नीडल होल्डर दाबू नका. चिरडलेला धागा दहाव्या दिवशी तुटतो आणि दोष ‘इन्फेक्शन’वर जातो. मुलाम्याचे धागे गुळगुळीत असल्यामुळे गाठीला वेढे कमी पडले तर सुटते. सपाट गाठ आणि एखादा जादा वेढा.

टाके किती घट्ट, हा प्रश्न मुलाम्यापेक्षा मोठा आहे. आवळून घातलेल्या टाक्यात स्नायूचे आवरण निळे पडते, मरते, आणि मेलेल्या भागात जंतू सुखाने राहतात. पोट बंद करताना वापरलेला धागा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट हवा. १५ सेंटिमीटरच्या छेदाला निदान ६० सेंटिमीटर धागा आत गेला पाहिजे. हे मोजता येते : सुरुवातीची लांबी वजा उरलेले आणि कापून टाकलेले तुकडे. तुम्ही मोजून सांगितलेत, तर सर्जनलाही बरे पडते. नेदरलँड्समधल्या ‘स्टिच’ चाचणीत (२०१५) ५ मिलिमीटरचे छोटे टाके ५ मिलिमीटरवर घातले, तेव्हा वर्षभरात छेदाच्या जागी होणारा हर्निया २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आला. दोन्ही गटांत धागा मुलाम्याचाच होता, फरक पडला तो टाके घालण्याच्या पद्धतीने.

आणि आता जे खरोखर स्वस्त आहे ते. ‘चीता’ नावाच्या चाचणीत (२०२२), भारतासह सात देशांतल्या १३,३०१ रुग्णांवर, पोटाची भिंत बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि उपकरणे बदलली. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर आला. म्हणजे सुमारे ३५ रुग्णांमागे एक जखम वाचली. करायचे ते असे : ऑपरेशन सुरू होण्याआधीच एक छोटा ‘क्लोजिंग सेट’ वेगळा बांधून ऑटोक्लेव्ह करा. नीडल होल्डर, दातांची फोर्सेप्स, दोन-तीन आर्टरी फोर्सेप्स, कात्री, छोटा रिट्रॅक्टर. आतले काम संपले आणि मॉप मोजून झाले की जुनी उपकरणे ट्रॉलीवरून हलवा. सर्जन, मदतनीस आणि तुम्ही, तिघांनीही मोजे बदला. मगच नवा सेट आणि धाग्याचे फॉइल उघडा. फॉइल आधीच उघडून ट्रॉलीवर पडलेले असेल, तर या सगळ्याचा अर्धा उपयोग गेला. घाईत नेहमी वगळला जातो तो मदतनीस. त्याचेही हात त्याच जखमेत असतात.

प्रश्न : वडिलांचे पित्ताशयाचे दुर्बिणीने ऑपरेशन झाले. बिलात ‘अँटिबॅक्टेरियल सूचर’ म्हणून तीन फॉइल लावली आहेत. एवढ्या लहान छिद्रांना हे लागते का?

उत्तर : बेंबीजवळच्या मोठ्या छिद्राला आतून एक धागा लागतो, त्वचेला कधी दुसरा. तीन फॉइल अशक्य नाहीत, पण विचारण्यासारखे नक्कीच आहे. फॉइलवरचे स्टिकर केस पेपरवर चिकटवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. त्यावरचा बॅच नंबर बिलाशी जुळवा. या ऑपरेशनात जखम चिघळण्याचे प्रमाण मुळातच कमी, त्यामुळे वरच्या हिशेबाने महाग धागा इथे पैसे वसूल करत नाही.

या छिद्रांना खरा धोका दुसराच आहे, आणि तो आपल्याकडे चांगला ओळखीचा आहे. टाके भरून येतात, रुग्ण कामावर जातो आणि तीन-चार आठवड्यांनी एखाद्या छिद्रापाशी गाठ येऊन पाझरू लागते. साध्या अँटिबायोटिकने थोडे बरे, पुन्हा तेच. असे झाले तर क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया मनात आणावे लागतात. ते येतात दुर्बिणीच्या उपकरणांवरून : दोन ऑपरेशनांच्या मध्ये २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवून नळाच्या पाण्याने धुतली की झाले. वीस मिनिटांत निर्जंतुकीकरण होत नाही, त्याला त्याच द्रवात दहा तास लागतात. आणि धुवायचे पाणीही निर्जंतुक हवे. धागा कितीही महाग असो, त्याचा इथे भरवसा नाही. वडिलांना असे काही दिसले, तर पू नेहमीच्या कल्चरबरोबर मायकोबॅक्टेरियासाठीही पाठवा, असे आवर्जून सांगा.

प्रश्न : ट्रायक्लोसॅनवर साबणात बंदी आली असे वाचले होते. मग ते शरीरात कसे चालते?

उत्तर : अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसॅनसह १९ रसायने काढायला सांगितली. कारण, रोज वर्षानुवर्षे वापरणे सुरक्षित आहे आणि साध्या साबणापेक्षा फायदा होतो, हे कंपन्या दाखवू शकल्या नाहीत. तो नियम धाग्यांना लागू नव्हता. मात्रा पाहा : ७० सेंटिमीटरच्या व्हिक्रिल प्लसमध्ये जास्तीत जास्त एक तृतीयांश मिलिग्रॅम, तेवढ्याच पीडीएस प्लसमध्ये सुमारे १.७ मिलिग्रॅम. पूर्वी काही टूथपेस्टमध्ये ०.३ टक्के ट्रायक्लोसॅन असे, म्हणजे एका ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅम, आणि ते रोज. धागा आयुष्यात एक-दोनदा. ट्रायक्लोसॅनची ॲलर्जी माहीत असेल तर मात्र ऑपरेशनआधी सांगा, मग हा धागा वापरायचा नसतो. जंतू ट्रायक्लोसॅनला सरावतील ही भीती खोटी नाही. गरज नसताना प्रत्येक टाक्याला तो न वापरण्याचे तेही एक कारण.

प्रश्न : मधुमेह आहे, पुढच्या महिन्यात हर्नियाचे ऑपरेशन. स्वतःच्या खर्चाने हा धागा घ्या म्हणू का?

उत्तर : म्हणू शकता, पण आधी साखर. ऑपरेशनच्या काळात ती २०० च्या खाली राहिली पाहिजे. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर किमान चार आठवडे आधी बंद, म्हणजे आजच. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढायला न्हावी आला तर परत पाठवा. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात. काढायचेच असतील तर क्लिपरने.

प्रश्न : हडपसरच्या एका रुग्णालयात मी गुणवत्ता विभाग पाहते. एनएबीएचसाठी (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेसाठी) जखमेच्या संसर्गाचा दर द्यावा लागतो. आमचा दर महिनोन्महिने शून्य येतो. धागा बदलायचा की नाही, हे या आकड्यावरून ठरवता येईल का?

उत्तर : शून्य आला की आधी मोजणीवर संशय घ्या. संसर्ग धरायचा तो ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत, जाळीसारखी वस्तू आत ठेवली असेल तर ९० दिवसांपर्यंत. तुमचा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो. पू होतो सहसा पाचव्या ते दहाव्या दिवशी, भोरला किंवा इंदापूरला. तिथले फॅमिली डॉक्टर दोन टाके काढून वाट मोकळी करतात, गोळ्या देतात, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये शून्य राहतो.

डिस्चार्जच्या वेळी दोन फोन नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कोणाचा. सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. ‘इन्फेक्शन झालं का?’ असे विचारू नका. ‘कपडा ओला होतो का? पिवळं किंवा घाण वासाचं काही येतं का? टाका कोणी काढला का? दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या का? ताप?’ असे विचारा. एकालाही हो आले तर फोटो मागवा किंवा बोलवा. नुसते पाण्यासारखे पिवळसर पाझरणे म्हणजे पू नव्हे; ते सर्जनने पाहून ठरवायचे. ज्यांचा फोन लागला नाही त्यांना ‘संसर्ग नाही’ या रकान्यात टाकू नका, त्यांचा रकाना वेगळा. स्वच्छ, थोडे दूषित, दूषित आणि घाण अशा चार वर्गांत ऑपरेशने वेगळी मोजा. हर्निया आणि फुटलेले अपेंडिक्स यांची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही.

हे सुरू केले की पहिल्या तिमाहीत तुमचा दर वाढलेला दिसेल. खरे तर वाढलेले असते ते मोजणे. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याच सुमारास बदललेल्या धाग्यावर, नव्या सर्जनवर किंवा तुमच्यावरच ठपका यायचा.

आकडे लहान असताना निष्कर्षही लहानच काढा. ६० हर्नियांत २ संसर्ग म्हणजे ३.३ टक्के, पण खरा दर अर्ध्या टक्क्यापासून साडेअकरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. ६० मध्ये शून्य आले तरी तो ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. धागा बदलून ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करायचा मोह होईल. संसर्ग १२ टक्क्यांवरून ९ वर आला हे खात्रीने दाखवायला प्रत्येक बाजूला सुमारे १,६०० रुग्ण लागतात. तुमच्याकडे तेवढे व्हायला किती वर्षे लागतील, ते ओटीच्या रजिस्टरवरून काढा. म्हणून धाग्याचा परिणाम मोठ्या चाचण्यांतून घ्या, आणि स्वतःच्या रुग्णालयात फक्त दोन गोष्टी मोजा : कोणत्या ऑपरेशनात किती जखमा चिघळतात, आणि एका चिघळलेल्या जखमेवर खरोखर किती रुपये जातात. दुसरा आकडा काढायला फार यातायात नाही. गेल्या वर्षभरातल्या पाच-सहा चिघळलेल्या जखमांची बिले, ड्रेसिंगच्या फेऱ्या आणि जादा खाटेचे दिवस एका कागदावर मांडा, आणि सगळ्यात मोठ्या बिलाला सरासरी ओढू देऊ नका, मधले बिल धरा. तो कागद घेऊन मग खरेदी विभागात जा.